पडलेला दर जातो कुठे? सातारा-सांगलीच्या रस्त्यावरून वाचलेला पेट्रोलचा इतिहास

१/ दरवाढीचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे. मोर्चे निघतात, बैलगाडीवर मोटारसायकल चढवली जाते, छायाचित्रे छापून येतात. दर उतरतो तेव्हा मात्र कोणी रस्त्यावर येत नाही आणि अभ्यासकाच्या हाती साधनेही फारशी लागत नाहीत. आजचा धागा अशाच एका निःशब्द घटनेविषयी आहे: इंधन स्वस्त होणे.

२/ आधी शब्द पाहू. ‘दर पडले’ हे सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या बाजारात अशुभ वाक्य आहे. त्याला इतिहासही आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे चढे भाव कोसळले आणि दख्खनचा शेतकरी कर्जात रुतला. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा पेटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कुकरूड येथेही त्याचे पडसाद उमटले. हे गाव आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे.

३/ पेट्रोलच्या बाबतीत ‘दर पडले’ ही आपल्याला शुभवार्ता वाटते, कारण तेथे आपण विकणारे नसून केवळ घेणारे आहोत. पण ती वार्ता पंपापर्यंत पोहोचते का? या प्रश्नासाठी २०१४ ते २०१६ हा काळ उत्तम आहे.

४/ जून २०१४ मध्ये भारत विकत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे सुमारे १०९ डॉलर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो सुमारे २८ डॉलरवर आला, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा उरला. याच काळात दिल्लीतील पेट्रोल सुमारे ७१ रुपयांवरून सुमारे ५९ रुपयांवर आले. पिंप तीन-चतुर्थांश स्वस्त झाले, लिटर मात्र जेमतेम सहाव्या हिश्शाने.

५/ मधली रक्कम गेली कुठे? काही भाग रुपयाच्या घसरणीत गेला, कारण तेल डॉलरमध्ये घ्यावे लागते. शुद्धीकरण, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन हे खर्चही तेलाच्या भावाबरोबर उतरत नाहीत. परंतु मोठा वाटा करात गेला. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. लिटरमागे एकूण वाढ पेट्रोलवर ११.७७ रुपये आणि डिझेलवर १३.४७ रुपये झाली.

६/ येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पंपावरचा आकडा वाढला असता तर ओरड झाली असती. पण कर वाढला तो दर उतरत असताना. त्यामुळे ग्राहकाला वाढ दिसलीच नाही. अपेक्षित उतार तेवढा आला नाही. न आलेल्या गोष्टीविरुद्ध मोर्चा काढणे कठीण असते.

७/ राज्याचेही तसेच. मूल्यवर्धित कराचा मुख्य भाग टक्केवारीत असतो, म्हणून दर उतरला की राज्याचे उत्पन्नही उतरते. लिटरमागे ठराविक रुपयांचा अधिभार मात्र दर कितीही पडला तरी तसाच राहतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून महाराष्ट्राने पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला. कारण दिले गेले दुष्काळाचे.

८/ आता हा निर्णय साताऱ्याच्या माण-खटावमधून किंवा सांगलीच्या जत-आटपाडीमधून पाहू. हे पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचे तालुके. दुष्काळनिधीसाठीचे दोन रुपये येथील दुचाकीस्वारानेही भरले. गावाला पाणी पोहोचवणारा टँकर डिझेलवरच धावतो. त्या डिझेलवरही तोच अधिभार होता. म्हणजे ज्याच्यासाठी निधी उभा राहत होता, तोही त्या निधीचा दाता होता.

९/ एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी. या वाघिणी मुळात तेल वाहण्याच्या. राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत त्या स्वच्छ करून घेण्यात आल्या होत्या. कच्चे तेल स्वस्त झाल्यानंतरच्या काही महिन्यांत त्याच धाटणीच्या टाक्यांतून पाणी धावत होते. त्या काळाचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही.

१०/ अधिभाराचा स्वभाव असा की निमित्त सरते, तो उरतो. महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले. महसुलाची ती तूट भरण्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये राज्याने पेट्रोलवरील अधिभार ६ वरून ९ रुपये केला. २०२० मध्ये टाळेबंदीत तेल पुन्हा कोसळले. २० एप्रिल रोजी अमेरिकी वायद्याचा भाव चक्क उणे ३७.६३ डॉलर झाला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले.

११/ मग दर खरोखर उतरला तेव्हा लोक काय करतात? याचे उत्तर सीमेवर मिळते. २०२१ च्या ऐन दिवाळीत, ४ नोव्हेंबरपासून, केंद्राने शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी घटवले. कर्नाटकाने त्यात स्वतःची ७ रुपयांची कपात जोडली. महाराष्ट्राने तेव्हा जोडली नाही. मुंबईत पेट्रोल १०९.९८ रुपये, तर बेंगळुरूत १००.५८. डिझेल ९४.१४ आणि ८५.०१.

१२/ मिरजेकडून म्हैसाळ ओलांडले की कागवाड लागते. राज्य बदलते, पंपावरचा आकडाही बदलतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर हीच रेषा कोगनोळीपाशी आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या मालमोटारीने तेथेच टाकी भरली की कराड-साताऱ्याचे पंप मागे टाकत ती पुढे जाते. ही लोकप्रतिक्रियाच आहे. तिला घोषणा नाहीत, फलक नाहीत; तिची नोंद पंपाच्या विक्रीवहीत असते.

१३/ मे २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा ८ आणि ६ रुपयांची कपात केली. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने आपला कर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपयांनी घटवला. तरीही एकदा वाढलेले मालवाहतुकीचे भाडे डिझेलच्या बरोबरीने उतरत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव. पडत्या दराला वाटेत अडवणारे केवळ सरकारच नसते.

१४/ हा धागा कोणत्याही एका पक्षाविरुद्ध नाही. रिकाम्या तिजोरीला पडता दर ही संधी वाटणे स्वाभाविक आहे आणि दुष्काळनिवारणाला पैसा लागतोच. आक्षेप आहे तो न दिसण्याला. १८७५ मध्ये कर्जाचे कागद सावकाराच्या घरी होते, म्हणून लोक त्या घरांवर चालून गेले. २०१६ मध्ये पडलेला दर नेमका कुठे अडला, याचा कागद सामान्य माणसासमोर आलाच नाही.

१५/ म्हणून एक विनंती. इंधनाची पावती हीदेखील इतिहासाचे साधन आहे. तिच्यावर तारीख, ठिकाण आणि दर असतो. शक्य असेल तर घरातल्या जुन्या पावत्या शोधा, त्यांची छायाचित्रे काढा आणि त्या दिवशीच्या कच्च्या तेलाच्या भावाशेजारी लिहून ठेवा. मोर्च्यांचा इतिहास वर्तमानपत्रे जपतील. न उतरलेल्या दराचा इतिहास आपल्यालाच जपावा लागेल.