खरपुडी ते कडवंची : जालना जिल्ह्यातील भूमिसंवर्धनाची वाटचाल

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. निजामी राजवटीपासून भरभराटीस आलेल्या येथील व्यापारपेठेच्या वैभवाशी या म्हणीचा संबंध सामान्यतः जोडला जातो. परंतु पेठेत उतरणारी ज्वारी, कापूस आणि मोसंबी ही अखेर शिवारातील मातीचीच देणगी होय. ही माती टिकली तर पाळणा टिकला, हे सत्य ज्यांनी वेळीच ओळखले आणि त्यासाठी विनालाभ तत्त्वावर काम उभे केले, त्यांच्या कार्याची नोंद घेणे अगत्याचे ठरते.

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा काही भाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून हा जिल्हा अस्तित्वात आला. दक्षिणेस गोदावरी आणि अंतर्भागात पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्या असूनही जिल्ह्याची बहुतांश शेती पावसावरच अवलंबून राहिली. सरासरी पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास. हा पाऊस तसा तुटपुंजा नव्हे. एका हेक्टरवर ७०० मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे ७० लाख लिटर पाणी आकाशातून उतरणे होय. अडचण अशी की, यातील पुष्कळसा पाऊस थोड्याच दिवसांत जोराने कोसळतो. उघड्या, उताराच्या रानावरून तो वाहत जातो आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जातो. निसर्गाला बोटभर माती घडविण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास चार पावसाळे पुरतात.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हा धडा कठोरपणे शिकविला. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणारे हात हे कालपर्यंत नांगर धरणारे हात होते. दुष्काळ सरल्यावर अनेक विचारवंतांच्या व कार्यकर्त्यांच्या मनात एकच प्रश्न उरला : अन्नधान्य बाहेरून आणून गाव जगविता येईल, परंतु गावाची अन्न पिकविण्याची शक्ती कशी जगवायची?

या प्रश्नाचे एक उत्तर जालना शहरानजीकच्या खरपुडी येथे आकारास आले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे सुरू केले होते. विद्यापीठातील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे, हा त्यामागील उद्देश. जालना जिल्ह्यासाठी असे केंद्र १९८३ साली खरपुडी येथे स्थापन झाले आणि ते चालविण्याची जबाबदारी मराठवाडा शेती सहाय्य मंडळ या स्वयंसेवी संस्थेने स्वीकारली. विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली हे मंडळ मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे हक्काचे स्थान बनले. येथील प्रक्षेत्र नफ्यासाठी कसले जात नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, शंका विचाराव्यात आणि पटले तरच आपल्या रानात करावे, यासाठी ते कसले जाते. दर महिन्याच्या ५ तारखेला भरणारे कृषी विज्ञान मंडळाचे चर्चासत्र ही या केंद्राची खास परंपरा होय. त्यात शास्त्रज्ञ बोलतात आणि शेतकरीही बोलतात, हे विशेष उल्लेखनीय आहे.

खरपुडीच्या कार्याची खरी कसोटी लागली ती जालना तालुक्यातील कडवंची येथे. जर्मनीच्या साहाय्याने महाराष्ट्रात राबविण्यात आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात १९९६ साली या गावाची निवड झाली. नाबार्डमार्फत निधी, मराठवाडा शेती सहाय्य मंडळाचे मार्गदर्शन आणि ग्रामस्थांचे श्रम अशी ही त्रिवेणी होती. सुमारे १,९०० हेक्टर क्षेत्रावर ‘माथा ते पायथा’ या सूत्रानुसार काम हाती घेण्यात आले. प्रथम माथ्यावरील उजाड जमिनीत सलग समतल चर, त्याखाली शेतजमिनीत बांधबंदिस्ती, त्यानंतर ओघळी-नाल्यांवर लहान बांध, असा तो क्रम. हा क्रम उलटला तर माथ्यावरून आलेला गाळ पायथ्याचे बंधारे भरून टाकतो आणि केलेला खर्च वाया जातो. म्हणूनच पाणी अडविण्यापूर्वी माती अडविणे महत्त्वाचे मानले गेले.

चर खोदणे यंत्रालाही जमते. परंतु मोकाट चराई थांबविणे, कुऱ्हाड आवरणे आणि मजुरीचा ठरावीक हिस्सा श्रमदान म्हणून सोडणे यांस गावाची संमती लागते. ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही, त्याला चराईबंदी मान्य करणे सोपे नसते. माथ्यावरची जमीन एकाची, पाणी मुरते खालच्याच्या विहिरीत, हाही पेच प्रत्येक पाणलोटात असतो. कार्यक्रमाच्या नियमांतच ग्रामस्थांच्या पाणलोट समितीला मध्यवर्ती स्थान देण्यात आले होते, ते याच कारणाने. पुढे केंद्र शासनाने १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे पाणलोट विकास निधी उभारला. लोकसहभागाची ही पद्धत इतर राज्यांतही नेण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

कडवंचीत मुरलेल्या पाण्याने गावाचे रूप पालटले. विहिरींची पातळी वाढली, ठिबक सिंचन आले, शेततळी खोदली गेली आणि कोरडवाहू म्हणून ओळखले जाणारे गाव द्राक्षबागांचे गाव झाले. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत गणला गेला. मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. वर्षानुवर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांना स्वतःच्या हातांनी तोडावी लागली. त्या काळातही कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनेही या गावाच्या कामाचा अभ्यास केला.

तथापि इतिहासाने केवळ यशाची नोंद करून थांबू नये. द्राक्ष हे नगदी पीक आहे. त्यास फवारणी लागते आणि त्याचा ग्राहक दूरच्या शहरात असतो. शेततळ्यांचेही तसेच. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. त्यात पावसाचे वाहते पाणी साठविले तर ते वरदान ठरते. परंतु विहिरीतून उपसून भरले तर जमिनीच्या पोटातील सामाईक ठेव मराठवाड्याच्या उन्हात उघडी ठेवल्यासारखे होते. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यभर या प्रश्नाची चर्चा झाली. अडविलेले पाणी कोणत्या पिकास आणि किती द्यायचे, हा निर्णय पाणी अडविण्याइतकाच कठीण आहे.

या संदर्भात ज्वारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्वारी माणसास भाकरी देते आणि जनावरास कडबा. कडब्यावर गुरे जगतात, गुरांच्या शेणाचे खत पुन्हा मातीस मिळते. गोशाळा आणि पांजरापोळ चालविणाऱ्यांना कडब्याचे मोल वेगळे सांगावयास नको. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापले, तेव्हा हे चक्र तुटले. जालना ही बियाणे उद्योगाची नगरी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला. याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या दगडी ज्वारीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तत्पूर्वी २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीस ते मिळाले होते. प्रयोगशाळेतील वाण आणि कणगीतील वाण, दोहोंचा वारसा एकाच जिल्ह्यास लाभावा, हा योग दुर्मिळच म्हणावा लागेल.

सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे पालापाचोळा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली. पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया ठरली. भारतीय शेतकऱ्यास आपण आपला गुरू मानतो, असे हॉवर्ड आदराने सांगत. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते आणि पावसाच्या माऱ्यापुढे तग धरते. म्हणजेच शेणखताचा ढीग आणि डोंगरमाथ्यावरील चर ही एकाच कार्याची दोन अंगे होत. पहिले अंग प्रत्येक कुटुंबास स्वतःच्या बळावर सांभाळता येते, दुसऱ्यासाठी सारा गाव एकत्र यावा लागतो.

खरपुडी आणि कडवंची यांची वाटचाल सांगते की, भूमिसंवर्धन हे एकदा करून संपणारे काम नव्हे. चर गाळाने भरतात, बांध फुटतात, नियम शिथिल होतात आणि नवी पिढी नवी पिके घेऊन येते. प्रत्येक पिढीस बांध पुन्हा घालावे लागतात, संमती पुन्हा मिळवावी लागते. माती ही कोणा एका पिढीची मालमत्ता नाही. मिळाली त्याहून निदान उणी न करता ती पुढील पिढीच्या हाती सोपविणे, हीच तिची खरी सेवा होय.