गोजिरा आणि आमची गोदी

'गोजिरा' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लाडके मूल उभे राहते. जपानी माणसापुढे मात्र पन्नास मीटर उंचीचा सागरी राक्षस उभा राहतो. गोरिला आणि 'कुजिरा', म्हणजे देवमासा, यांच्या जोडणीतून हे नाव झाले. इंग्रजीत त्याचे 'गॉडझिला' झाले आणि आपल्याकडे तेच रूढ झाले. व्याख्यानमालेत राक्षसाच्या सिनेमावर बोलणे हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही माझगावात गोदीच्या दारी आयुष्य घालवलेले, शाळा अर्धवट सुटलेले युनियनवाले. चित्रपटसमीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. पण ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानात प्रदर्शित झालेला, इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला पहिला 'गोजिरा' आम्हांला मनापासून आवडतो, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

त्या वर्षीच्या १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट अंदाजाच्या दुपटीहून मोठा झाला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' ही मासेमारी नौका होती. तिच्यावर २३ माणसे होती. काही तासांनी त्यांच्या अंगावर पांढरी राख पडू लागली. ती काय आहे, हे त्यांना कोण सांगणार? १४ मार्चला नौका याइझू बंदरात परतली, आणि प्रकरण उघडकीस येईपर्यंत तिचे मासे बाजारात गेलेसुद्धा. ज्यांनी भाऊच्या धक्क्यावर पहाटेचा लिलाव पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. २३ सप्टेंबरला नौकेचे तारयंत्रचालक आइकिची कुबोयामा मरण पावले. त्यानंतर सहा आठवडे उलटण्यापूर्वी 'गोजिरा' पडद्यावर आला. त्याच्या आरंभी काय दिसते? डेकवर विसावलेले खलाशी, एकाएकी उजळून उकळणारा समुद्र, जळते जहाज, आणि शेवटपर्यंत संदेश पाठवणारा तारयंत्रचालक. मग कंपनीच्या कचेरीत नातेवाइकांची गर्दी.

अशी गर्दी आमच्या बंदराने दहा वर्षे आधीच पाहिली होती. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच संगतीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. १४ तारखेच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून धूर निघू लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानेही हादरा टिपला. सातशेहून अधिक माणसे गेली; त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्या जहाजात काय भरले आहे, हे शेजारच्या जहाजांवरील आणि धक्क्यावरील बहुतेकांना ठाऊकच नव्हते. विशेष हे की जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी सांगितली. इथल्या वार्ताहरांना मात्र सविस्तर वृत्त पाठवण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी नव्हती!

आता चित्रपटातील संसदेचा प्रसंग आठवावा. राक्षस हायड्रोजन बाँबमुळे जागा झाला, असे प्राध्यापक यामाने सांगतात. एक सभासद म्हणतो, ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नका. परराष्ट्रसंबंध बिघडतील, लोक घाबरतील. समोरच्या बाजूच्या स्त्रिया उठून गरजतात की सत्य जाहीर झालेच पाहिजे. आमच्या मते चित्रपटाचा प्राण या प्रसंगात आहे. राक्षस एका रात्रीत तोक्यो जाळतो. लपवाछपवी त्याला वाट करून देते.

युनियनच्या खोलीत आम्ही हा चित्रपट तरुण कामगारांना दाखवला. रबरी पोशाखात चालणारा माणूस पाहून प्रथम ते हसले. तो माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा. त्या जड पोशाखात ते घामाने निथळत असत, हे सांगितल्यावर हसणे थांबले. ज्या तोहो कंपनीच्या स्टुडिओत हे काम झाले, तिथला संप मोडण्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये पोलिसांच्या पाठीशी अमेरिकन सैन्याचे खरे रणगाडे आणि विमाने आली होती, हेही सांगितले. पुढे आगीच्या ज्वाळांत मुलांना कवटाळून बसलेली आई, आता आपण बाबांकडे जाणार, असे त्यांना सांगते, तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही.

१९५६ साली अमेरिकेत हा चित्रपट कापून, मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घालून दाखवला गेला. बाँबविषयीचे बोलणे पुष्कळसे गळाले. आपल्याकडेही १९६६ साली 'गोगोला' नावाचा हिंदी चित्रपट निघाला आणि समुद्रातला राक्षस मुंबईवर आला. पुढच्या जपानी चित्रपटांत तर गॉडझिला पोरांचा कैवारी झाला, आपल्या मराठी अर्थाने गोजिराच म्हणा ना! करमणूक म्हणून ते ठीक.

मात्र पहिल्या चित्रपटाशीही आमचे एक भांडण आहे. शेवटी डॉ. सेरिझावा आपल्या भयंकर शोधाने राक्षसाला मारतात आणि तो शोध कोणाच्या हाती पडू नये म्हणून कागद जाळून स्वतःही समुद्रात प्राण देतात. त्याग थोर खरा. पण एका सज्जनाच्या मरणावर जगाची सुरक्षितता टांगून ठेवणे आम्हांला पटत नाही. त्याच वर्षी तोक्योच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करण्यास आरंभ केला. १९५५ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. आमचा भरवसा त्या गृहिणींवर आहे.

दारूखान्यात जहाजे तोडली जात, त्या काळी एका ठिकाणी आम्ही मुकादमाला विचारले, या पिंपात काय आहे? चिठ्ठी खरवडलेली होती. तो म्हणाला, तुम्हांला काय करायचंय? आठवड्याने त्याच पिंपाने एका पोराचे दोन्ही हात भाजले. त्या दिवशी आम्ही उत्तर घेतल्याशिवाय परत फिरलो, ही आमची चूक. १४ एप्रिलला अग्निशामक जवानांना दरवर्षी मानवंदना दिली जाते, तेव्हा आम्ही टोपी काढून उभे राहतो आणि तोच प्रश्न मनात पुन्हा विचारतो. आता मात्र उत्तर मिळेपर्यंत पिंपाला हात लावू देत नाही.