प्रतिजैवजन्य बृहदांत्रशोथ

प्रतिजैव पदार्थांच्या (सूक्ष्मजंतूंचा नाश करणाऱ्या अथवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांच्या) सेवनानंतर मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतूंचा स्वाभाविक समतोल ढळून, क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसाइल या जंतूच्या अनिर्बंध वाढीमुळे उद्भवणारा शोथ (दाहयुक्त सूज). प्रतिजैव पदार्थ घेणाऱ्या अनेकांना होणारा किरकोळ अतिसार बहुधा या जंतूमुळे होत नाही व औषध बंद केल्यावर तो थांबतो. प्रस्तुत रोग मात्र वृद्ध व दुर्बल रुग्णांत प्राणघातक ठरू शकतो, तसेच बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उलटतो.

या रोगाचा इतिहास ही प्रतिजैव पदार्थांच्या प्रसाराच्या इतिहासाची दुसरी बाजू होय. पुणे जिल्ह्याचा या प्रसाराशी जवळचा संबंध आहे. भारतातील सरकारी मालकीचा पहिला औषध कारखाना जिल्ह्यातील पिंपरी येथे निघाला, तर नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत पेनिसिलीन व नंतरची औषधे पोहोचली, तरी त्यांच्या दुष्परिणामांचे निदान करणारी साधने शहरातच राहिली.

पूर्वेतिहास : या विकाराचे पहिले वर्णन प्रतिजैव पदार्थांच्या शोधापूर्वीचे आहे. जे. एम. टी. फिन्नी या अमेरिकन शस्त्रक्रियातज्ज्ञांनी १८९३ मध्ये बॉल्टिमोर येथे जठरावरील शस्त्रक्रियेनंतर अतिसाराने दगावलेल्या एका तरुणीच्या आतड्यात आभासी पटल (पांढरट-पिवळसर थर) आढळल्याचे नोंदविले. १९३५ मध्ये आय. सी. हॉल व एलिझाबेथ ओटूल यांनी नवजात अर्भकांच्या विष्ठेतून एक जंतू वेगळा केला. तो वाढविणे फार कठीण असल्यामुळे त्यास ‘बॅसिलस डिफिसिलिस’ असे नाव देण्यात आले. त्याचे विष प्राण्यांना मारक होते. तथापि अर्भके निरोगी असल्यामुळे हा जंतू निरुपद्रवी मानला गेला. या दोन निरीक्षणांचा परस्परसंबंध उलगडण्यास त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लागली. पेनिसिलिनाने गिनीपिग मरतात, हे १९४३ मध्येच दिसून आले होते. परंतु त्यामागचे कारण त्या वेळी समजले नव्हते.

पुणे जिल्ह्यातील पार्श्वभूमी : भोर ही पंत सचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व भोर परिसर पुणे जिल्ह्यात आला. विलीनीकरणानंतर सातच वर्षांनी, १९५५ मध्ये, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला होता. न्यूमोनिया, विषाक्त जखमा व प्रसूतीनंतरचा ज्वर यांवर जेथे पूर्वी हमखास उपाय नव्हता, तेथे आता औषध उपलब्ध झाले. डोंगरी खेड्यांतील रुग्णांच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता.

प्रतिजैव पदार्थ वापरल्याने शरीरातील एका सूक्ष्मजीवाची जागा दुसरा घेतो, या गोष्टीची जाणीव पिंपरी येथील संशोधनातही दिसते. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी तेथे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसीन’ हे कवकनाशक (बुरशीनाशक) द्रव्य मिळविले व १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. हे द्रव्य कँडिडा या कवकाविरुद्ध उपयुक्त ठरले. विस्तृत क्रियेच्या प्रतिजैव पदार्थांनी जंतू नाहीसे झाल्यावर मोकळ्या झालेल्या जागी वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपैकी हे कवक एक होय.

कारणाचा शोध : १९५०–६० या दशकात प्रतिजैव पदार्थांनंतरच्या गंभीर बृहदांत्रशोथाचा दोष स्टॅफिलोकॉकस या जंतूकडे दिला जाई. १९७४ मध्ये एफ. जे. टेडेस्को व सहकारी यांनी सेंट लुइस येथे क्लिंडामायसीन दिलेल्या २०० रुग्णांची पाहणी केली. त्यांतील २१ टक्के रुग्णांना अतिसार व १० टक्के रुग्णांना आभासी पटलयुक्त शोथ झाल्याचे आढळले. १९७७-७८ मध्ये जॉन बार्टलेट व सहकारी यांनी अमेरिकेत हॅम्स्टर या प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर केलेल्या अभ्यासांमुळे, तसेच इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या संशोधनामुळे, हॉल व ओटूल यांनी वर्णिलेला जंतूच या रोगाचे कारण असल्याचे सिद्ध झाले. पुढे त्याचा समावेश असलेल्या प्रजातीची फेरमांडणी होऊन २०१६ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले.

रोगनिर्मिती : हा जंतू ऑक्सिजनविरहित परिस्थितीत वाढतो व प्रतिकूल काळात चिवट बीजाणूंच्या रूपाने टिकून राहतो. निरोगी आतड्यातील सूक्ष्मजंतू पित्तातील अम्लांचे रूपांतर करतात आणि रूपांतरित अम्ले या जंतूची वाढ रोखतात. प्रतिजैव पदार्थांनी हे रक्षक जंतू नष्ट झाले म्हणजे मूळची पित्ताम्ले शिल्लक राहून बीजाणूंच्या अंकुरणास उलट साहाय्यच करतात. वाढलेले जंतू ‘अ’ व ‘ब’ अशी दोन विषे निर्माण करतात व त्यांमुळे आतड्याच्या अस्तराचा नाश होतो. वारंवार पातळ शौच, पोटात कळा व ज्वर ही प्रमुख लक्षणे होत. औषध चालू असताना किंवा ते संपल्यावर काही आठवड्यांनीही ती सुरू होऊ शकतात.

उपचार व पूर्ववत स्वास्थ्य : रोगास कारणीभूत ठरलेला प्रतिजैव पदार्थ शक्य असल्यास वैद्याच्या सल्ल्याने थांबविणे व शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, या पहिल्या पायऱ्या होत. साखर-मिठाच्या द्रावणाचे महत्त्व १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत दिलीप महालनोबीस यांच्या कार्याने सिद्ध झाले होते. आतड्याची हालचाल मंदावणारी औषधे सामान्यतः टाळतात. मेट्रोनिडाझोल व व्हँकोमायसीन ही दीर्घकाळ प्रमुख औषधे होती. व्हँकोमायसीन या रोगात तोंडाने द्यावे लागते, कारण शिरेतून दिल्यास ते आतड्यात पुरेसे उतरत नाही. २०११ मध्ये फिडॅक्सोमायसीन उपलब्ध झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढांसाठी व्हँकोमायसीन व फिडॅक्सोमायसीन यांना अग्रक्रम दिला.

प्रतिजैव पदार्थाने झालेल्या रोगावर पुन्हा प्रतिजैव पदार्थच द्यावा लागतो, ही या उपचाराची मूलभूत अडचण आहे. पहिल्या उपचारानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णात रोग उलटतो. बी. आइझमन यांनी १९५८ मध्ये डेन्व्हर येथे चार गंभीर रुग्णांना निरोगी व्यक्तीच्या विष्ठेचा बस्ती दिला होता व ते बरे झाले होते. परंतु हा उपाय विचित्र मानला जाऊन मागे पडला. २०१३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार उलटलेल्या रोगाच्या १६ रुग्णांपैकी १३ रुग्ण अशा द्रावणाच्या पहिल्याच मात्रेने बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसीन दिलेल्या १३ रुग्णांपैकी ४ बरे झाले. हा उपाय निर्धोक नाही. दात्याच्या विष्ठेतील औषधरोधी जंतूंमुळे एक रुग्ण दगावल्याचे अमेरिकेत २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे दात्याची कसून तपासणी केल्याशिवाय तो करीत नाहीत आणि घरी तो कधीही करू नये.

जंतूंचा बंदोबस्त झाल्यावरही काही आठवडे शौच अनियमित राहू शकते. पेज, मऊ भात, ताक असा मावळ भागातील नेहमीचा पथ्याहार या काळात पचनास सोपा असतो. ताकातील जंतू आतड्यातील गमावलेल्या संपूर्ण वसाहतीची जागा घेऊ शकत नाहीत, म्हणून ताक हा औषधास पर्याय ठरत नाही. ही वसाहत किती विविध असते याचा अभ्यास पुण्यातही झाला आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१२ मध्ये एकत्र कुटुंबांतील निरनिराळ्या वयांच्या व्यक्तींच्या आतड्यांतील जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. वयानुसार त्यांत दिसलेला बदल यूरोपातील निष्कर्षांहून वेगळा होता.

भोर व वेल्हे येथील महत्त्व : वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका असून त्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. तोरणा व राजगड यांच्या परिसरातील मुसळधार पावसाच्या या मुलखात पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारा अतिसार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे पातळ शौच होऊ लागल्यास संशय प्रथम पाण्यावरच जातो. रुग्णाने आधी दुसऱ्या रोगासाठी प्रतिजैव पदार्थ घेतला असल्यास मात्र हा समज घातक ठरू शकतो. पाण्याचा अतिसार समजून आणखी एक प्रतिजैव पदार्थ दिल्यास आतड्यातील उरलेसुरले रक्षक जंतूही नष्ट होतात. निश्चित निदानासाठी विष्ठेतील विषाची परीक्षा करावी लागते व त्यासाठी रुग्णास बहुधा पुणे शहर गाठावे लागते. वयोवृद्ध रुग्णास घाटवाटांचा हा प्रवास शरीरातील पाणी कमी झालेल्या अवस्थेत करावा लागतो.

म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती औषधे घेतली, हा प्रश्न अतिसाराच्या प्रत्येक रुग्णास विचारणे हे येथे सर्वांत स्वस्त व उपयुक्त निदानसाधन ठरते. जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवल्यास त्याचे उत्तर मिळते. या जंतूचे बीजाणू मद्यार्कयुक्त द्रवाने मरत नसल्यामुळे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी साबण व पाण्यानेच हात धुवावेत. काही प्रभावी प्रतिजैव पदार्थांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा नियम भारतात १ मार्च २०१४ पासून अमलात आला. नियमांपेक्षाही अधिक अवलंबून असते ते सर्दी-पडशासारख्या विषाणुजन्य विकारांत ही औषधे न मागण्यावर व न देण्यावर. पिंपरीच्या पेनिसिलिनाने ज्या रोगांपासून माणसे वाचविली, ते रोग आजही आहेत व त्यांच्यासाठी ही औषधे प्रभावी राहणे आवश्यक आहे.