खाली दुकान, वर बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर राहण्यासाठी आणि दुकान व्यापारासाठी, अशी स्वच्छ विभागणी आपल्या मनात आज पक्की बसली आहे. निवासी क्षेत्र वेगळे, व्यापारी क्षेत्र वेगळे, विजेचे दरही वेगळे. पण आपली जुनी शहरे या विभागणीवर उभी राहिलेली नाहीत. पुण्याची पेठ घ्या, नाशिकची, वाईची किंवा कोल्हापुरातली जुनी गल्ली घ्या. रस्त्याच्या अंगाला दुकान, मागे चौक, चौकाभोवती मालकाचे घर आणि वर भाडेकरूंची बिऱ्हाडे असा एकच नमुना सगळीकडे दिसतो. शनिवार पेठेतला असाच एक वाडा वारसाहक्काने माझ्या वाट्याला आला. २०१६ ते २०१८ या काळात मी तो दुरुस्त केला आणि आता तिथेच राहतो. शाळेत शिकलेला पुण्याचा इतिहास मला या वाड्याच्या भिंतीत, तुळयांत आणि भाडेपावत्यांत पुन्हा भेटला. त्याविषयी आज बोलायचे आहे.

पेशवाईत पुण्याची वाढ पेठांनी झाली. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल द्यायचा, काही वर्षे करांत सूट द्यायची आणि वाणी-उदमी, कारागीर आणून बसवायचे, अशी रीत होती. कारागीर आला की त्याचे घर तेच त्याचे दुकान. रस्त्याच्या बाजूचा ओटा हा व्यवहाराचा, आतला सोपा आल्यागेल्याचा आणि माजघर घरच्यांचे. सरदारांच्या वाड्यांतही केवळ कुटुंब राहत नसे. कारकून, शागीर्द, पागा, कोठार हे सगळे त्याच भिंतींच्या आत असे. आज आपण ज्याला ‘मिश्र वापर’ म्हणतो, त्याला वेगळे नाव द्यावे असे तेव्हा कोणाला वाटले नाही, कारण दुसरा प्रकारच नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि या वाड्यांचे पोट भरणारे उत्पन्नही आटले. मोठाली घरे राहिली, ती चालवणारा पैसा राहिला नाही. मग वाड्यांना नवे धंदे मिळाले. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे नगरपालिकेची कचेरीही तिथे आली. गायकवाडांचा वाडा १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी घेतला. तिथे त्यांचे घर आणि ‘केसरी’ची कचेरी एकाच आवारात नांदली. सामान्य वाडेवाल्यांनी सोपा मार्ग धरला आणि खोल्या भाड्याने दिल्या. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यात पोचली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. कचेऱ्या वाढल्या, शाळा वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून शिकायला, नोकरीला माणसे येऊ लागली. त्यांना दोन खणांची जागा हवी होती, मालकाला महिन्याचे चार रुपये हवे होते. ‘बिऱ्हाड’ या शब्दात मुक्काम हलवण्याची सूचना आहे, पण पुण्यातली बिऱ्हाडे तीन-तीन पिढ्या हलली नाहीत. का हलली नाहीत, हे समजायला कायद्याकडे वळावे लागते.

पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये भाड्यांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो मागे पडला. दुसरे युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये पुन्हा तसाच कायदा आला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई राज्याचा सर्वंकष भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने ‘प्रमाण भाडे’ ठरवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण, आणि जागा त्यानंतर प्रथम भाड्याने दिली असेल तर ते पहिले भाडे प्रमाण. ज्या काळात हा कायदा झाला त्या काळात तो न्याय्यच होता. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते. घरमालकाने वाटेल तेव्हा गरिबाला रस्त्यावर काढू नये, हा त्यामागचा विचार आजही पटणारा आहे.

अडचण पुढे झाली. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत पन्नास वर्षे राहिला. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी सगळे वाढत गेले, भाडे मात्र १९४० मध्येच थांबले. आमच्या वाड्यात तीन दुकाने आणि दोन जुनी बिऱ्हाडे होती. दुकानाला महिना ३५ रुपये आणि बिऱ्हाडाला १८ रुपये. पाचही जणांचे मिळून वर्षाला १,६९२ रुपये होत. एवढ्यात छपराची कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत. मग मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरू जागा सोडेना. जे भाडेकरू ऐपतीचे झाले त्यांनीही कुलूप लावून जागा ठेवली. १९७३ मध्ये कायद्यात बदल होऊन त्या वर्षी १ फेब्रुवारीला परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर तर रिकामी झालेली खोली पुन्हा कोणाला द्यायची मालकांना भीतीच वाटू लागली. माझ्या वडिलांनी वरच्या मजल्यावरच्या दोन जागा रिकाम्या झाल्यावर वर्षानुवर्षे बंद ठेवल्या. शहरात घरांची टंचाई आणि वाड्यात बंद खोल्या, असा उलटा संसार चालला होता.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातले गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची सोय आली. ऐकायला बरे वाटते, पण १८ रुपयांवर ४ टक्के म्हणजे ७२ पैसे! ते मागायला जायची माझ्या वडिलांना लाज वाटायची. खरा बदल दुसरीकडे झाला. मुदतीच्या परवान्याने, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ने दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळण्याची वाट स्पष्ट झाली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले. वरच्या मजल्यावरची कुलपे उघडण्याचे धैर्य मला त्यामुळेच झाले.

आता वाड्याच्या शरीराकडे येतो. वाडा दगडी जोत्यावर उभा असतो. जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. भार हा लाकडी सांगाडा पेलतो. मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या असतात, त्या आडोसा देतात. म्हणून भिंत ढासळली तरी वाडा पुष्कळदा उभा राहतो, पण खांब गेला की सगळेच गेले.

याची परीक्षा १२ जुलै १९६१ रोजी झाली. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. मातीच्या भिंती पाण्यात साखरेसारख्या विरघळल्या. शेकडो घरे कोसळली. आमचा तळमजला पाण्याखाली गेला, मागची भिंत वाहून गेली, वरचा मजला मात्र खांबांवर तगला. पुरानंतर दुरुस्त्या झाल्या त्या हाताशी आलेल्या साहित्याने. लोखंडी गर्डर आले, सिमेंटचा गिलावा आला, आणि दुकानांच्या फळ्या जाऊन लोखंडी शटर बसले. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा मानवतो, कारण चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते. त्या कोंडलेल्या ओलीने पन्नास वर्षांत आमच्या खांबांचे पाय कुजवले होते. एका दुकानात तर मधला खांब गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यात येतो म्हणून कोणी तरी मागेच तो कापून टाकला होता. वरच्या दोन मजल्यांचा भार एका वाकलेल्या तुळईवर उभा होता आणि त्याखाली रोज पंचवीस माणसे व्यवहार करत होती.

वाडा पाडून इमारत बांधावी, असा सल्ला बहुतेकांनी दिला. त्यात गैर काही नव्हते. पण आमची जागा अरुंद, मागे लांब. मोजमाप करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी सांगितले, की सगळी लाकडे वाईट नाहीत, पाय कुजलेत, वरचे अंग शाबूत आहे. मग जॅक आणि टेकू लावून मजला उचलून धरायचा, खांबाचा कुजका भाग कापायचा, नवा सागवानी तुकडा सांधायचा आणि खाली तळखडा पुन्हा बसवायचा, असे काम सुरू झाले. असे नऊ खांब झाले. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. पूर्वी चुना घाणीत बैल फिरवून मळत आणि त्यात गुळाचे पाणी घालत. आता तो यंत्रात मळला जातो, पण मुरायला वेळ लागतो तो लागतोच. न्हाणीघरे आणि संडास हा वाड्याचा कायमचा शत्रू. पाणी लाकडात उतरते. म्हणून ते सगळे मागच्या बाजूला, जुन्या सामाईक संडासांच्या जागी, वेगळ्या काँक्रीटच्या चौकटीत एकावर एक घेतले. लाकडी सांगाड्यावर त्यांचा ना भार ना ओल.

लाकूड सांधण्यापेक्षा माणसे सांधणे अवघड होते. काम करायचे तर तळमजल्यावरच्या तिन्ही दुकानदारांनी आठ महिने जागा सोडायला हवी होती. त्यांतले शिंपीकाका सत्तरीचे. त्यांच्या वडिलांनी तिथे मशीन मांडले होते. ते मला म्हणाले, “तुमच्यावर अविश्वास नाही, पण दुरुस्तीसाठी म्हणून बाहेर पडलेला भाडेकरू परत आलेला मी या पेठेत पाहिलेला नाही.” त्यांची भीती खरी होती. दुरुस्तीसाठी घेतलेल्या जागेत भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायदा देतो, पण कोर्टात तो मिळेपर्यंत माणसाचे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. माझीही भीती खरी होती. कर्ज काढून दुरुस्ती करायची आणि पुन्हा ३५ रुपयेच घ्यायचे, तर हप्ता कोण भरणार?

वकिलासमोर बसून आम्ही लेखी करार केला. प्रत्येकाची जागा नकाशावर आखली, परत येण्याची तारीख घातली, आणि तोवर पलीकडच्या गल्लीतल्या एका गाळ्याचे भाडे मी भरायचे ठरले. सुधारणांवर झालेल्या खर्चाच्या प्रमाणात, भाडेकरूंच्या संमतीने भाडे वाढवता येते. त्या तरतुदीच्या आधाराने दुकानांचे भाडे नव्याने ठरले. वर राहणाऱ्या एका वृद्ध आजींचे भाडे मी जवळपास होते तेच ठेवले. बंद असलेल्या दोन जागा मुदतीच्या कराराने नोकरदार मुलांना दिल्या. त्यातल्या एका जागेचे महिन्याचे भाडे १२ हजार, म्हणजे जुन्या पाचही भाडेकरूंचे सात वर्षांचे भाडे! हप्ता मुख्यतः त्यातून जातो. आजींच्या १८ रुपयांचा तोटा शेजारच्या खोलीतला मुलगा भरून काढतो, असे म्हटले तरी चालेल.

समजूत झाली नाही की काय होते, याचे उदाहरण बुधवार पेठेतच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो भिडेवाडा. पुढे तिथे खाली दुकाने आली. राष्ट्रीय स्मारक करण्याचा निर्णय झाल्यावर जागेवरून वर्षानुवर्षे दावे चालले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये वाडा उतरवण्यात आला. दुकानदारांची बाजू होती, शहराची बाजू होती, पण त्या साऱ्या वर्षांत खांबांची बाजू कोणी घेतली नाही. वास्तू कज्जे संपण्याची वाट पाहत थांबत नाही. प्रत्येक पावसाळा तिच्यातले थोडे घेऊन जातो.

आज पेठांतल्या बऱ्याच वाड्यांवर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतीची नोटीस लागते. त्यातले सगळे वाचवता येणार नाहीत आणि सगळे वाचवावेत असेही नाही. पण पाडण्यापूर्वी तीन गोष्टी जरूर कराव्यात. लाकडाची तपासणी जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. कोणत्या खोलीत कोण, किती वर्षांपासून आणि कोणत्या कागदावर आहे, याची यादी करावी. आणि मालक-भाडेकरूंनी एकदा एकाच ओट्यावर बसून खर्चाचा हिशेब मांडावा. आमच्याकडे या तिसऱ्या गोष्टीला चौदा बैठका लागल्या. शिंपीकाका करारातल्या तारखेच्या चार दिवस आधीच मशीन घेऊन परत आले. रंग ओला आहे म्हटले, तर म्हणाले, “असू द्या, कपडे टांगायचे नाहीत एवढे लक्षात ठेवतो.”