हवाई कार्यक्रमांतील अग्निसुरक्षा : पहिली तीन मिनिटे मोलाची

सांगली-तासगाव रस्त्यावरील कवलापूरची धावपट्टी आणि कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली कऱ्हाडची धावपट्टी यांमुळे सांगली-सातारा परिसराला विमानांचे आकर्षण जुनेच आहे. पाचगणीच्या पठारांवर पॅराग्लायडिंगही चालते. मात्र मोठ्या विमानतळावर अग्निशमन दल सदैव सज्ज असते. छोट्या धावपट्टीवरील प्रात्यक्षिकांसाठी ही व्यवस्था आयोजकांना मुद्दाम उभारावी लागते.

निकष काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानाची लांबी आणि रुंदी यांनुसार अग्निशमनाच्या १ ते १० श्रेणी ठरविल्या आहेत. ९ मीटरपेक्षा कमी लांबीची विमाने पहिल्या श्रेणीत येतात. प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी सेसना १५२ आणि १७२ ही विमाने याच गटातील आहेत. या श्रेणीसाठी 'ब' दर्जाचा फेस वापरल्यास २३० लिटर पाणी आणि जोडीला ४५ किलो कोरडी रासायनिक पावडर अपेक्षित आहे. मदत पथकाने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत, शक्य तर दोन मिनिटांत पोहोचावे, असाही निकष आहे.

म्हणजेच प्रश्न पाण्याच्या साठ्याचा नसून वेळेचा आहे. महापालिकेच्या बंबात याच्या कितीतरी पट पाणी असते. पण तो शहरातील केंद्रात उभा असेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय पेटत्या इंधनावर नुसते पाणी मारल्यास इंधन पसरून आग वाढू शकते. त्यामुळे फेस आणि तो वापरण्याचा सराव असलेले जवान आवश्यक ठरतात.

धोका धावपट्टीपुरता नाही

इंग्लंडमधील शोरहॅम येथे २२ ऑगस्ट २०१५ रोजी कसरती करणारे हॉकर हंटर विमान महामार्गावर कोसळले. त्यातील ११ मृत विमानतळाच्या हद्दीबाहेरचे होते. बंगळूर येथील 'एअरो इंडिया'त २३ फेब्रुवारी २०१९ रोजी वाहनतळाला आग लागून सुमारे ३०० मोटारी खाक झाल्या. त्या आगीचा विमानांशी संबंध नव्हता. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे २५ जुलै २०२२ रोजी प्रशिक्षणाचे विमान शेतात कोसळून शिकाऊ वैमानिक जखमी झाली. अशा वेळी घटनास्थळी प्रथम पोहोचतात ते ग्रामस्थच. त्यामुळे शेतातील वाटा आणि विहिरी यांची माहिती पथकाकडे आधीच हवी.

सज्जतेत काय हवे?

फेस व पावडर असलेले वाहन चालकासह धावपट्टीलगत उभे असावे. रुग्णवाहिकेसाठी प्रेक्षकांच्या गर्दीपासून वेगळा रस्ता राखावा. मिरज आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयांना कार्यक्रमाची वेळ आधी कळवावी. '१०८' सेवेवर विसंबून राहू नये. वाहनतळातील वाळलेले गवत काढावे. काही हलक्या विमानांत रॉकेटच्या साह्याने उघडणारी हवाई छत्री असते. ती कोठे आहे, हे जवानांना ठाऊक नसल्यास सुटका करताना त्यांचाच जीव धोक्यात येतो. उड्डाण थांबविण्याचा अधिकार कोणाला, हेही लेखी ठरलेले असावे.

बंब किंवा रुग्णवाहिका जखमीला घेऊन निघून गेली, तर दुसरी येईपर्यंत उड्डाणे बंद ठेवणे हाच साधा नियम होय. कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल; मदतीला होता कामा नये.