लोहमार्गाचें कुंपण

आगगाडीच्या इतिहासांत कुंपणाची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीन वाजतां बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी, तिचे चौदा डबे, ‘साहेब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ हीं तीन इंजिनें आणि आंत बसलेले सुमारें चारशें पाहुणे, हें सर्व शाळकरी मुलांसही पाठ असतें. कुंपणाचा विचार करण्याची पाळी येते ती मेजावर चिमुकली रेल्वे उभारणाऱ्या छांदिष्टावर. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. तेथें रूळ व सिग्नल यांच्या बरोबरीनें कुंपणें आणि दिव्यांचे खांबही आपापल्या जागीं उभे आहेत. कुंपणावांचून देखावा पुरा होत नाहीं, हें जाणत्या कारागिरास ठाऊक असतें.

आतां अशा एखाद्या छांदिष्टानें ठाणें ते कल्याण हा टापू मेजावर उतरविण्याचें मनांत आणलें, तर त्यानें कुंपण कोणतें घालावें? विलायती नमुन्यांत मार्गाच्या दोन्ही बाजूंस अखंड कुंपण दिसतें. त्याचें कारण शोभा नव्हे, कायदा आहे. १८४५ च्या इंग्लिश रेल्वे कायद्यानें कंपनीवर कुंपणाची सक्तीच केली होती. शेजारच्या जमिनीचें रक्षण व्हावें व तेथील गुरें रुळांवर येऊं नयेत, हा हेतु. आपल्याकडील १८९० च्या कायद्याची भाषा निराळी. सरकारास वाटल्यास त्यानें कुंपणाचा हुकूम करावा, एवढेंच तो म्हणतो. आणि १९८९ च्या कायद्यानेंही तोच मार्ग धरला. तेथें कुंपण हा नियम, येथें तो हुकुमाचा विषय. म्हणून विलायती कुंपण जसेंच्या तसें कळव्याच्या शेतांत रोवणें म्हणजे इतिहासाशीं खोटें बोलणें होय.

१ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणास पोंचली. त्यासाठीं ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा लागला आणि पारसिकचा डोंगर पोखरावा लागला. पलीकडे भाताचीं खाचरें व गांवें. कोंकणांतील शेतकऱ्याचें कुंपण म्हणजे कांट्यांची वई, नाहीं तर दगडांचा गडगा. रेल्वेच्या हद्दीवर तारेचे पदर आले, कोठें घायपाताची रांग आली, आणि जुन्या रुळांचे तुकडे खांब म्हणून उभे राहिले. पुढें वस्ती दाटली तशा सिमेंटच्या भिंती आल्या.

हें सर्व सत्त्याऐंशीपट लहान करावयाचें म्हणजे हाताची परीक्षा. चार फुटी कुंपण चौदा मिलिमीटरांचें होतें. खांबांमधील दहा फुटांचें अंतर पस्तीस मिलिमीटर. चार मिलिमीटर जाडीची तार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही बारीक ठरते. तेथें मापाचा हट्ट सोडून विजेच्या दोरींतील तांब्याचा एकेक तंतु घेतल्यास डोळ्यांस तें खरें वाटतें. खांबांच्या बुडाशीं गंजाचा रंग हवा, कारण येथें पावसाचे चार महिने असतात. एखादा खांब कललेला हवा. घायपाताचीं पानें रंगविलेल्या कागदाचीं चालतात.

परंतु एवढें साधूनही चित्र खोटें राहील, जर त्यांत भगदाड नसेल. डोंबिवलीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग या मार्गानेंच पाडले. एका बाजूस घर, दुसऱ्या बाजूस बाजार. पूल दूर आणि गाडीची वेळ झालेली. मग तार वांकते, भिंतीची वीट निघते, आणि तेथून रुळांपर्यंत पायवाट पडते. कायदा या माणसास अपराधी ठरवितो व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतो. तरी वाट बुजत नाहीं. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडतांना मरणाऱ्यांची संख्या अलीकडेही वर्षाला हजारावर गेलेली आहे. विलायतेंतील कुंपण गुरांसाठीं जन्मास आलें. येथें तें माणसांसाठीं उभारावें लागलें, आणि पुलावांचून तें टिकत नाहीं.

म्हणून मेजावरील त्या चिमुकल्या कल्याण मार्गावर कारागिरानें भगदाड अवश्य ठेवावें. तें पाहून मूल विचारील, “हें तुटलें कसें?” त्या प्रश्नाचें खरें उत्तर देतां येणें, हाच त्या खेळांतला इतिहास होय. आणि शेजारीं एक पादचारी पूलही बांधून ठेवावा, म्हणजे उत्तर अर्धवट राहणार नाहीं.