आळीपाळी (जत्रेतील पाळणे)

लहान मूल सोबत असताना आई-वडिलांनी एकामागून एक पाळण्यात बसण्याची रीत. सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. होम मैदानावरील आकाशपाळणा, ब्रेक डान्स यांसारख्या वेगवान पाळण्यांत कडेवरचे मूल घेऊन बसणे धोक्याचेच. म्हणून एकजण मूल सांभाळतो, दुसरा फेरी मारून येतो, मग अदलाबदल. गर्दी दाट असल्याने भेटायची जागा आधीच ठरवावी लागते, आणि ती पाळण्याच्या कठड्यापासून लांब असलेली बरी. डिस्नेच्या उद्यानांत याची रीतसर सोय आहे: पहिला पालक परतला की थांबलेल्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. जत्रेत सहसा अशी सवलत नसते. पाळणेवाल्यांनी ती जरूर सुरू करावी.